गोव्याचा एक फुटबॉल मोसम आणि आपलं मैदान

(संस्थेच्या रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त कोजागरी पौर्णिमेच्या रात्री, संस्थेच्या खुल्या जागेत झालेल्या कार्यक्रमात एका ज्येष्ठ सभासदांनी केलेले भाषण. मोबाइलवरील ध्वनिमुद्रणावरून शब्दांकन. बोलण्याची पद्धत शक्यतो तशीच ठेवली आहे. – संपादक मंडळ)



महिला मंडळाकडून निरोप आलाय की दूध आटायला अजून अर्धा तास आहे. तेवढाच वेळ मला दिलेला आहे, हे मी ओळखून आहे. कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे ‘बँकेतील अनुभव’ असं छापलंय. पण बत्तीस वर्षं बँकेत काढलेल्या माणसाचे अनुभव कोजागरीच्या चांदण्यात ऐकवणं म्हणजे तुमच्यावर अन्याय होईल. म्हणून चेअरमनसाहेबांची परवानगी घेऊन विषय बदलतोय. मी फुटबॉलवर बोलणार आहे.

हसू नका. टेंभुर्णीत फुटबॉल कुठून आला, असं वाटणं साहजिक आहे. आपल्याकडं तालमीतली कुस्ती, शाळेतली कबड्डी-खोखो, आणि उन्हाळ्यात टेनिस बॉलच्या क्रिकेट स्पर्धा, ट्रॉफी आणि रोख बक्षीस. फुटबॉल आपण टीव्हीवर बघतो, तोही चार वर्षांतून एकदा, विश्वचषक आला की. मीसुद्धा तसलाच होतो. ऑफसाइड म्हणजे काय हे मला वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी कळलं. ते कुठं आणि कसं कळलं, आणि त्याचा आपल्या या मोकळ्या जागेशी काय संबंध, एवढंच सांगायचंय.

आपली संस्था १९९९ ला नोंदली गेली. प्लॉट पडले, बांधकामं सुरू झाली. माझ्या घराचा स्लॅब पडला आणि २००३ साली माझी बदली मडगावला झाली. घरभरणी आमच्या मंडळींनी एकटीनंच केली म्हणा ना. मी तीन वर्षं गोव्यात, महिन्यातून एकदा इकडं. मडगावात एका घराच्या मागच्या दोन खोल्या भाड्यानं घेतल्या होत्या. घरमालक सत्तरीचे, ख्रिश्चन, गोदीतून रिटायर झालेले. सगळे त्यांना अंकल म्हणायचे, मीही म्हणायला लागलो. त्यांना मराठी समजायची, मला कोकणी हळूहळू समजायला लागली. रविवारी मी कपडे धूत बसलेलो असायचो. एका रविवारी ते दारात येऊन म्हणाले, “मॅच पळोवपाक येता?” म्हणजे मॅच बघायला येतो का. मला वाटलं क्रिकेटची. गेलो.

ते मला घेऊन गेले फातोर्ड्याला. मडगावचं जवाहरलाल नेहरू स्टेडियम, लोक नुसतं फातोर्डा म्हणतात. तिथं मी जे बघितलं ते आधी आकड्यांत सांगतो, बँकेची सवय.

गोव्याचं क्षेत्रफळ ३,७०२ चौरस किलोमीटर. आपला सोलापूर जिल्हा १४,८९५. म्हणजे आपल्या एका जिल्ह्यात चार गोवे बसतात. लोकसंख्या २००१ च्या जनगणनेला साडेतेरा लाख, आपल्या जिल्ह्याची तेव्हा साडेअडतीस लाख. आपल्या एक तृतीयांश! आणि एवढ्याशा मुलखाचे संघ भारताच्या सगळ्यात वरच्या लीगमध्ये खेळत होते. एक नाही, दोन नाही, अनेक. धेंपो, साळगावकर, चर्चिल ब्रदर्स, वास्को, स्पोर्टिंग क्लब द गोवा. समोर कोण? कोलकात्याचे मोहन बागान आणि ईस्ट बंगाल, शंभर वर्षांच्या आसपासचे जुने क्लब, लाखाची गर्दी खेचणारे. मुंबईचा महिंद्रा युनायटेड, पंजाबचा जेसीटी. आपल्या जिल्ह्यातल्या चार-पाच तालुक्यांच्या टीम उठून देशाच्या पहिल्या रांगेत बसल्या, तर कसं वाटेल? तसं ते होतं.

मला प्रश्न पडला की हे जमलं कसं. अंकलनी त्याचं उत्तर मॅच बघता बघता नाही दिलं. ते मला एकदा त्यांच्या गावाकडं घेऊन गेले.

दिवाळीनंतरचे दिवस होते. भात कापून झालं होतं. आपल्याकडं ऊस तुटला की खोडवा राहतो, रान मोकळं होत नाही. तिथं भाताचं खाचर वाळलं की नुसतं पटांगण. त्या खाचरात पोरांनी बांबूचे गोलपोस्ट रोवले होते. एका वाड्याची टीम दुसऱ्या वाड्याशी. गावाचं फेस्त आलं, म्हणजे आपली जत्रा, की गावागावांच्या स्पर्धा. बांधावर बसून म्हाताऱ्या बायका पोरांना नावानं ओरडत होत्या, “अरे, पास दी!” माझ्या शेजारी बसलेल्या एका आजीला ऑफसाइड कळत होता आणि मला कळत नव्हता. लाज वाटली. तिनंच मला हातातले चणे जमिनीवर मांडून समजावलं. हा गोलकीपर, हा शेवटचा बचाववाला, आणि पास सुटायच्या वेळेला तू याच्या पुढं गेलेला असशील तर चूक. आजही ऑफसाइड म्हटलं की मला चणेच दिसतात.

फुटबॉल गोव्यात १८८३ साली शिवोलीला एका ख्रिस्ती धर्मगुरूंनी आणला असं सांगतात, फादर विल्यम रॉबर्ट लायन्स. म्हणजे भारतात गोवा सामील व्हायच्या कितीतरी आधी. १९६१ च्या डिसेंबरात गोवा मुक्त झाला, पण त्यांची फुटबॉल संघटना १९५९ चीच आहे. पोर्तुगीज असतानाच स्वतःची स्पर्धा, स्वतःचे क्लब. एक छोटा देशच म्हणा. त्यामुळं भारतात आले तेव्हा ते रिकाम्या हातानं नाही आले. त्यांचे ब्रह्मानंद शंखवाळकर भारताचे गोलरक्षक आणि कप्तान झाले, त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. नंतर ब्रुनो कुतिन्हो, त्यांनाही अर्जुन. संतोष ट्रॉफी म्हणजे राज्याराज्यांची स्पर्धा, तीसुद्धा १९८३ ला बंगालबरोबर वाटून आणि १९८४ ला एकट्यानं गोव्यानं नेली.

याच्या वर पैसा आला तो खाणींचा. लोहखनिजाच्या कंपन्या. साळगावकर, धेंपो ही मुळात उद्योगांची घराणी. क्लब त्यांचे, खेळाडूंना कंपनीत नोकरी. पोरगा खाचरात चमकला की गावच्या क्लबात, तिथनं गोव्याच्या लीगमध्ये, तिथनं मोठ्या क्लबात. शिडीच होती, आणि एकही पायरी गायब नव्हती. हे लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

आता तो मोसम. २००४-०५.

त्या वेळी देशाच्या लीगला नॅशनल फुटबॉल लीग म्हणायचे. बारा संघ. प्रत्येकानं प्रत्येकाशी दोनदा खेळायचं, एकदा आपल्या घरी, एकदा त्याच्या घरी. म्हणजे एकेका संघाच्या बावीस मॅच. जिंकलं की तीन गुण, बरोबरी झाली की एक, हरलं की शून्य. नॉकआउट नाही. नॉकआउटमध्ये एक दिवस नशीब चालतं. लीगमध्ये बावीस रविवार नीट वागावं लागतं. आपल्या सोसायटीचा मेंटेनन्स जसा, एक महिना भरून भागत नाही, बाराही महिने भरावा लागतो. (हशा)

लीगच्या बरोबरीनं फेडरेशन कप नावाची स्पर्धा असायची. धेंपोचा संघ त्या वर्षी जोरात होता. कोच आर्मांद कुलासो, गोव्याचेच. पुढं रँटी मार्टिन्स म्हणून नायजेरियाचा पोरगा, आणि क्रिस्तियानो ज्युनियर म्हणून ब्राझीलचा. क्रिस्तियानो पंचविशीतला. आदल्या वर्षी तो ईस्ट बंगालकडून खेळला होता, तिथं लीग जिंकूनच इकडं आलेला. मी त्याला फातोर्ड्यावर बघितलंय. मला खेळातलं फार कळत नव्हतं, पण चेंडू त्याच्या पायाशी आला की आजूबाजूचे लोक बसल्या जागेवरून अर्धे उठायचे. तेवढ्यावरून मला कळायचं.

५ डिसेंबर २००४. रविवार. बेंगळुरूला फेडरेशन कपची फायनल, धेंपो विरुद्ध मोहन बागान. मी दुपारी बँकेचं काही काम घरी आणलं होतं ते करत बसलो होतो. संध्याकाळी अंकलच्या ओट्यावर गेलो. म्हटलं, निकाल विचारावा. आत माणसं होती, पण कोणी बोलत नव्हतं. मी विचारलं, हरलो का? अंकल म्हणाले, जिंकलो. दोन-शून्य. आणि पुढं काही बोललेच नाहीत. त्यांच्या सुनेनं मला बाजूला घेऊन सांगितलं. दोन्ही गोल क्रिस्तियानोचे. दुसरा गोल मारताना समोरच्या गोलरक्षकाशी टक्कर झाली, तो तिथंच कोसळला. हृदय बंद पडलं. मैदानातून दवाखान्यात नेलं, पण गेला.

चेंडू जाळीत होता आणि मारणारा जमिनीवर होता. कप गोव्यात आला, पण मडगावात मला फटाका ऐकू आला नाही.

नंतर पेपरात पुष्कळ छापून आलं. मैदानावर तातडीच्या उपचाराची धड सोय नव्हती, अशी टीका झाली. मी त्यातला तज्ज्ञ नाही, कोणाची चूक हे मी ठरवणार नाही. पण अंकल एक वाक्य बोलले ते मी विसरलो नाही. ते म्हणाले, आम्ही सगळे गोल बघायला तयार होतो, पडला तर काय करायचं याची तयारी कोणाचीच नव्हती.

धेंपोनं त्याची दहा नंबरची जर्सी कायमची बाजूला ठेवली. आणि त्याच मोसमात तेच पोरगे लीग खेळायला मैदानात उतरले. मला आश्चर्य वाटायचं की यांचे पाय कसे उचलतात. पण उचलले. त्या वर्षी लीगमध्ये खरी झुंज कुणाची झाली माहीत आहे का? कोलकात्याशी नाही. धेंपोची स्पर्धा झाली स्पोर्टिंग क्लब द गोवा बरोबर. म्हणजे शेजाऱ्याशीच. स्पोर्टिंगचा डुडू ओमाग्बेमी, नायजेरियाचाच, त्यानं त्या मोसमात एकवीस गोल मारले, सगळ्या लीगमध्ये सर्वांत जास्त. गल्लीत दोन तट पडलेले. अंकल धेंपोचे, त्यांचा सख्खा भाऊ स्पोर्टिंगचा. दोघांनी बोलणं बंद केलं नव्हतं, पण रविवारचं जेवण वेगवेगळं व्हायचं.

२००५ चा उन्हाळा आला, मोसम संपला. धेंपो ४७ गुण, स्पोर्टिंग ४५. तिसऱ्या नंबरला ईस्ट बंगाल. साडेतेरा लाखांच्या मुलखाचे दोन संघ पहिले आणि दुसरे! धेंपोचं ते पहिलं राष्ट्रीय विजेतेपद. त्या दिवशी मात्र मडगावात फटाके वाजले. अंकलनी शर्टाच्या आत मोठा दहाचा आकडा काढलेला बनियन घातला होता. ते मला दाखवून त्यांनी शर्टाची बटणं परत लावली. बाहेर कुणाला दाखवलं नाही.

मी २००६ ला परत आलो, या घरात राहायला लागलो. पण गोव्याकडं लक्ष असायचं. २००६-०७ पासून २०१२-१३ पर्यंत सलग सात मोसम, सलग सात बरं का, देशाची लीग गोव्याच्या क्लबनं जिंकली. धेंपो चारदा, चर्चिल दोनदा, साळगावकर एकदा. दरम्यान लीगचं नाव बदलून आय-लीग झालं, नावानं काही फरक पडला नाही. २००८ ला धेंपो आशियातल्या एएफसी कपच्या उपांत्य फेरीत पोचला. २०११-१२ ला आय-लीगच्या १४ संघांत ४ गोव्याचे होते.

आणि मग? मग शिडीच्या पायऱ्या निघायला लागल्या.

२०१२ ला गोव्यातल्या खाणी बंद झाल्या. त्या बंद का झाल्या, बरोबर की चूक, तो वेगळा विषय. बेकायदा उत्खननाचा प्रश्न खराच होता. पण क्लबांचा पैसा आटला. २०१४ ला इंडियन सुपर लीग आली. मोठे शेअरधारक, परदेशी नावं, टीव्हीवर झगमगाट. गोव्यातून एफसी गोवा हा नवा संघ त्यात आला आणि चांगलाच खेळला, हेही प्रामाणिकपणे सांगितलं पाहिजे. पण ज्या क्लबांनी सात वर्षं देश गाजवला, त्यांना कळलं की वरच्या रांगेतल्या खुर्च्या आता खेळून मिळणार नाहीत. तळातून जिंकत जिंकत वर यायचा रस्ताच नव्हता. नवी रचना ठरत होती, त्यात आय-लीगला दुसरा दर्जा मिळणार असं दिसल्यावर २०१६ ला धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग तिघांनीही निषेध म्हणून राष्ट्रीय लीगमधून माघार घेतली. तीन क्लब एकदम. मी पेपर वाचला आणि अंकलना फोन लावला. फोन त्यांच्या मुलानं उचलला. अंकल आदल्या वर्षीच गेले होते. बरं झालं, असं मनात आलं. मग स्वतःचीच लाज वाटली.

गोव्याच्या आपल्या लीगमध्ये मात्र हे क्लब खेळत राहिले. धेंपोनं पोरांवर काम चालू ठेवलं, खालच्या फळीतून खेळत, जिंकत, २०२४ ला परत आय-लीगमध्ये जागा मिळवली. आठ वर्षं लागली. म्हणून मी म्हणतो, वरची खुर्ची गेली तरी चालतं, खालचं खाचर राहिलं पाहिजे. खाचर राहिलं तर माणूस परत वर येतो. खाचरच गेलं तर वरून कितीही पैसा ओता, बाहेरून खेळाडू विकत आणावे लागतात.

दूर कशाला, कोल्हापूर घ्या. तिथं पेठापेठांतल्या तालमींचे फुटबॉल संघ आहेत. पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब. कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन १९४० ची. शाहू स्टेडियमवर मॅच असली की पेठेतली दुकानं ओस पडतात. त्या शहरातला अनिकेत जाधव २०१७ ला सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात भारताकडून खेळला. आणि जगात बघायचं तर आइसलँड. लोकसंख्या २०१६ ला साधारण आपल्या माढा तालुक्याएवढी, साडेतीन लाखांच्या आत. २०१६ च्या युरो स्पर्धेत त्यांनी इंग्लंडला २-१ नं हरवलं. दोन प्रशिक्षकांपैकी एक दातांचे डॉक्टर होते. दोन वर्षांनी ते विश्वचषकात खेळले. बर्फाच्या देशात वर्षभर पोरांना खेळायला मिळावं म्हणून त्यांनी आधी काय केलं, तर गावोगाव छपराखाली मैदानं बांधली आणि शिकलेले प्रशिक्षक लहान पोरांना दिले. माढा तालुक्याएवढे लोक! आपण माढ्यात काय कमी आहोत?

आता खरं बोलायचं ते बोलतो. इथवरचं सगळं त्याची प्रस्तावना होती असं समजा.

एवढं सगळं बघून आलेला मी माणूस. २०१२-१३ ला आपल्या संस्थेचा सेक्रेटरी होतो. आणि या मैदानाच्या कोपऱ्यात, त्या लिंबाच्या झाडाला जो पत्र्याचा फलक आहे, ‘येथे चेंडू खेळण्यास सक्त मनाई आहे. हुकूमावरून’, तो मी लावलेला आहे.

(काही क्षण शांतता)

का लावला? माझ्या खिडकीची काच फुटली. त्याच्या आदल्या आठवड्यात शेजारच्यांच्या गाडीचा आरसा गेला होता. ज्येष्ठ नागरिकांच्या तक्रारी होत्या, चालताना चेंडू लागतो. मीटिंगमध्ये कुणीतरी म्हणालं, बंदी घाला. कुणी विरोध केला नाही. ठराव झाला, इतिवृत्त मीच लिहिलं, सुंदर अक्षरात. फलक अकलूजहून रंगवून आणला. तीनशे रुपये लागले. व्हाउचर फाइलला सापडेल.

मग पोरं कुठं गेली? खेळणं थोडंच थांबतं. हायवे तेव्हा चौपदरी होऊन सर्व्हिस रोड झालेला. त्याच्या कडेला मोकळी पडीक जागा होती. पोरं तिथं जायला लागली. आम्ही मोठी माणसं खुश, सोसायटीत शांतता. एक दिवस संध्याकाळी चेंडू सर्व्हिस रोडवर गेला, एक पोरगा त्याच्या मागं गेला आणि एका टेम्पोनं त्याला उडवलं. अकरा वर्षांचं पोर. पाय दोन ठिकाणी मोडला. मी आणि त्याचे वडील त्याला घेऊन गेलो. गाडीत मागच्या सीटवर त्याचं डोकं माझ्या मांडीवर होतं. तो रडत नव्हता. मला म्हणाला, “काका, काच मी नव्हती फोडली.”

तुम्हाला सांगतो, मला त्या वेळी फातोर्डा आठवला. अंकलचं वाक्य आठवलं. पडला तर काय करायचं याची तयारी कोणाचीच नव्हती. आणि इथं तर पडायची जागा आम्हीच त्याला नेमून दिली होती.

तो मुलगा बरा झाला, देवाची कृपा. सहा महिने घरात होता. आज तो एमआयडीसीत कामाला आहे. आत्ता समोर बसलेला आहे, मागच्या रांगेत. नाव घेणार नाही, त्याला आवडणार नाही. त्यानं मला त्या दिवसाबद्दल आजवर एक शब्द बोलून दाखवलेला नाही. दिवाळीला येतो, पाया पडतो. बोलला असता तर बरं झालं असतं, असं मला कधीकधी वाटतं. त्याच्या आईवडिलांची मी त्या वेळी माफी मागितली नव्हती. अपघात तो अपघात, असं मी म्हणालो होतो. आज सगळ्यांच्या समोर मागतो. वहिनी, दादा, चुकलं माझं.

(टाळ्या. वक्त्यांनी हाताने थांबवल्या.)

टाळ्या नकोत. काम आहे.

येत्या सर्वसाधारण सभेपुढं ठराव येतोय की या खुल्या जागेवर पत्र्याची शेड मारून पार्किंग करायचं. मी पार्किंगच्या विरोधात नाही. पंचवीस वर्षांपूर्वी आपल्याकडं चार स्कूटर होत्या, आज घरटी दोन गाड्या आहेत. रस्त्यावर गाडी लावली की कचऱ्याची घंटागाडी वळत नाही. अडचण खरी आहे. पण एकदा पत्रा चढला की तो उतरत नाही. गोव्यातसुद्धा खाचरं एका दिवसात गेली नाहीत, एकेक करून गेली. प्रत्येक वेळी कारण चांगलंच होतं. आणि ही जागा आपली म्हणजे आपल्या मालकीची नाही. लेआउट मंजूर करताना सगळ्यांसाठी मोकळी सोडलेली आहे. आज आपण दूध प्यायला कुठं बसलोय? गणपती कुठं बसतो? लग्नाचा मांडव कुठं पडतो? शेडमध्ये चांदणं दिसत नाही, मंडळी.

माझ्या सूचना चारच आहेत, लिहून आणल्या आहेत.

पहिली, पार्किंगसाठी रस्त्याच्या एका बाजूला पट्टे मारून सम-विषम तारखेची पद्धत सहा महिने करून बघू. नाही जमलं तर शेडवर परत बोलू.

दुसरी, मैदानाच्या घरांकडच्या बाजूला नायलॉनची जाळी लावायची. खर्चाचा पहिला हप्ता मी देतो. माझी एक काच बाकी आहे असं समजा, व्याजासकट. (हशा) सकाळी आठपर्यंत आणि संध्याकाळी सातनंतर ज्येष्ठांनी चालायचं, मधली संध्याकाळ पोरांची. आणि पोरींची. सतरंजीवर डावीकडं ज्या बसल्यात त्यांची नावंही संघात हवीत.

तिसरी, ही मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. त्या मीटरच्या खोलीच्या भिंतीवर प्रथमोपचाराची पेटी, आणि तिच्यावर मोठ्या अक्षरात १०८ नंबर. आपल्यात दोन नर्सताई राहतात, त्यांनी आम्हाला एक रविवार शिकवावं. माणूस कोसळला, श्वास थांबला, तर छाती कशी दाबायची. फक्त पोरांसाठी नाही. चालायला येणारे आम्हीही पडू शकतो.

चौथी, आपल्या चार गल्ल्या आहेत. चार संघ. प्रत्येकानं प्रत्येकाशी दोनदा खेळायचं. प्रत्येकी सहा मॅच, एकूण बारा. जिंकलं की तीन, बरोबरी एक. दिवाळीनंतर सुरू, परीक्षेच्या आधी संपवायचं. गुणतक्ता मी लिहीन, अक्षर अजून चांगलं आहे. हा आपला मोसम. यातून कोणी भारताकडून खेळेल असं मी म्हणत नाही. पण संध्याकाळी पाच वाजता आपलं पोर कुठं आहे, हे खिडकीतून दिसेल. मला एवढंच पाहिजे.

दुधाचा वास यायला लागला, म्हणजे माझी शिट्टी वाजली. शेवटचं. तो फलक मी लावला, तर काढायचा हक्कही माझाच आहे असं मी धरून चालतो. ठराव रद्द व्हायचा तेव्हा होईल, चेअरमनसाहेब सांभाळून घेतील. पाना खिशात आणलाय. फक्त माझा गुडघा शिडी चढू देत नाही. मागच्या रांगेतून जर कोणी वर चढायला आलं, तर मी शिडी धरतो.

  

(फलक त्याच रात्री काढण्यात आला. प्रथमोपचार पेटी आणि जाळी बसवली आहे. पार्किंग शेडचा विषय पुढील वार्षिक सर्वसाधारण सभेपुढे आहे. सभासदांनी उपस्थित राहावे. – संपादक मंडळ)